गो, कम आणि त्यांची शेपटं

माझ्या भाचीची एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर इंग्रजी वाक्यं, उजव्या पानावर उर्दू-मराठीची खिचडी करून लिहिलेले अर्थ. वहीत एकही अवघड शब्द नाही. गो, कम, गेट, रन, फॉल, पास, पुल. पाचवीतल्या पोराला विचारा, अर्थ सांगेल. त्यांच्यामागे लागलेली शेपटंही तशीच साधी: अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, आउट, ओव्हर, राउंड, थ्रू. तरी ही वही भरायला आम्हाला आठ महिने लागले. तिची परदेशातली नोकरी आणि त्या नोकरीच्या भरवशावर घरात झालेली उसनवारी, दोन्ही गोष्टी या शेपटांवर येऊन अडल्या होत्या.

भाची नर्स आहे. जीएनएम केल्यावर मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात चार वर्षं काढली, त्यातली दोन अतिदक्षता विभागात. काम येतं, हात हलका आहे, औषधांची नावं पाठ आहेत. इंग्लंडला जायचं तर ओईटी ही परीक्षा देता येते. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची ही इंग्रजीची खास परीक्षा आहे. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे चार भाग. संभाषणात परीक्षेतला माणूस रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बसतो आणि तुम्ही नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं. श्रवणात रुग्णाची कैफियत ऐकत ऐकत टिपणं भरायची. पाचशेपैकी साडेतीनशे म्हणजे ‘बी’ श्रेणी. पहिल्या खेपेला बाकी सगळीकडे ती तरली, श्रवणात तीनशेवीसवर थांबली.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून बाजीने तिला माझ्याकडे पाठवलं. सरावाच्या ध्वनिफिती आम्ही एकत्र बसून ऐकल्या. डॉक्टर बोलत होते तोवर तिला सगळं कळत होतं. रुग्णाने तोंड उघडलं की गाडी रुळावरून उतरायची.

रुग्ण म्हणतो, ‘इट कम्स ऑन व्हेन आय क्लाइम्ब द स्टेअर्स.’ म्हणजे जिना चढायला लागलं की दुखणं सुरू होतं. ‘आय केम आउट इन अ रॅश’ म्हणजे अंगावर पुरळ उठलं. ‘आय हॅव गॉन ऑफ माय फूड’ म्हणजे अन्नावरची इच्छा गेली. ‘ही केम डाउन विथ फ्लू’, तो फ्लूने पडला. ‘द स्वेलिंग हॅज गॉन डाउन’, सूज उतरली. एक रुग्ण सांगतो, मी महिन्यापूर्वी गोळ्यांवरून ‘केम ऑफ’. दुसरा सांगतो, मी महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून ‘केम ऑफ’. पहिल्याने गोळ्या बंद केल्या आहेत, दुसरा रस्त्यावर आपटला आहे.

“मामू, येतंय ते कळतं. कुठून येतंय तेच कळत नाही,” भाची म्हणाली.

यात गमतीपेक्षा काळजीचा भाग जास्त आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घ्या. शस्त्रक्रियेआधी नर्सने विचारायचं असतं की ती गोळी चालू आहे का. रुग्ण सांगतो, आय वेंट ऑन इट इन मार्च, किंवा सांगतो, आय केम ऑफ इट इन मार्च. पहिल्यात मार्चपासून सुरू, दुसऱ्यात मार्चपासून बंद. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ एवढाच फरक, तोही वयस्कर माणसाच्या घोगऱ्या आवाजात आणि दातांच्या कवळीतून आलेला. तो निसटला तर टेबलावर रक्त थांबत नाही.

आमच्या कानाचं असं का होतं, याचा मी बराच विचार केला. शाळेत आम्ही शब्दयोगी अव्यय शिकवतो ते जागा भरा म्हणून. द बुक इज डॅश द टेबल. मुलं ‘ऑन’ लिहितात, एक गुण मिळतो, विषय संपतो. त्यामुळे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की मोठा शब्द म्हणजे क्रियापद आणि मागचा बारका शब्द म्हणजे टेबलाखुर्चीचा पत्ता. मी स्वतःही वर्षानुवर्षं तसंच शिकवत आलो, कारण पुस्तक तसंच आहे आणि पेपरही तसाच निघतो.

लेनर्ड टाल्मी नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची एक उपयोगी वाटणी केली आहे. हालचाल सांगताना दोन गोष्टी सांगायच्या असतात: माणूस कसा हलला आणि कोणत्या दिशेने हलला. काही भाषा दिशा क्रियापदातच भरतात, काही भाषा ती क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दाकडे सोपवतात. आपण म्हणतो, ‘तो लंगडत आत आला.’ मुख्य क्रियापद ‘आला’. लंगडणं ही त्याच्यासोबत आलेली माहिती. इंग्रज म्हणतो, ‘ही लिम्प्ड इन.’ तिथे लंगडणं हेच मुख्य क्रियापद झालं आणि येण्याचं सगळं काम ‘इन’ या दोन अक्षरांनी केलं. आपण धावत रस्ता ओलांडतो. तो ‘रॅन अक्रॉस’. आपल्याकडे ‘ओलांडणे’, ‘चढणे’, ‘उतरणे’, ‘निघणे’, ‘शिरणे’ अशी क्रियापदं आहेत, दिशा त्यांच्या पोटात आहे. इंग्रजीत दिशा शेपटात आहे. म्हणून आपला कान क्रियापद पकडतो आणि शेपूट सोडून देतो, आणि इंग्रजाने नेमकी खबर शेपटात ठेवलेली असते. बोलताना जोरही बहुतेक वेळा तो शेपटावरच देतो. ‘ही केम राउंड’ म्हणताना ‘केम’ गिळला जातो, ‘राउंड’ ठणकावून येतो. शुद्धीवर आला, हा अर्थ त्या ‘राउंड’मध्ये आहे.

हे भाचीला सांगितल्यावर ती उलटं ऐकायला लागली. क्रियापद सोडून द्यायचं आणि शेपूट पकडायचं. पंधरा दिवसांत फरक दिसला.

शेपूट आणि साधं शब्दयोगी अव्यय एकसारखं दिसतं, पण एकसारखं वागत नाही. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो धावत टेकडी चढला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल फुगवून ठेवलं. लिहिताना दोन्ही जुळी भावंडं. आता ‘अप’ला जरा हलवून बघा. ‘ही रॅन द बिल अप’ चालतं. ‘ही रॅन द हिल अप’ कुणी म्हणणार नाही. पहिल्यात ‘अप’ टेकडीचा आहे, दुसऱ्यात क्रियापदाचा. मी दहावीच्या वर्गात हा प्रयोग करून बघितला तर मागच्या बाकावरच्या पोराने विचारलं, “सर, बिल फुगवलं की टेकडी चढल्यासारखी धाप लागते, म्हणून अप का?” व्याकरणाच्या पुस्तकात हे उत्तर नाही, पण मला आवडलं.

आता आपल्या भाषेकडे बघू, कारण इंग्रजीलाच वेडी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मुंबईच्या रुग्णालयांत केरळच्या नर्सेस पिढ्यान्‌पिढ्या काम करत आल्या आहेत. भाचीबरोबरही दोघी होत्या. त्यांना मराठी शिकताना काय सोसावं लागलं असेल याचा विचार करा. बाई येते आणि सांगते, ‘मला दिवस गेलेत.’ कुठे गेले? ती सांगते आहे की ती गरोदर आहे. दुसरी म्हणते, ‘अंगावरून पांढरं जातं.’ तिसरी म्हणते, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते,’ चौथीच्या ‘हातापायांत गोळे येतात’, पाचवीला ‘कळा येतात’, सहावीचे ‘दंड भरून येतात’. सगळी जाण्यायेण्याची क्रियापदं. एकही अवघड शब्द नाही. केरळच्या त्या मुलीची वही कुणी बघितली असती तर डाव्या पानावर ‘जाणे’ आणि ‘येणे’ हेच दिसलं असतं.

आणि नुसतं ‘अंग’ आणि ‘येणे’ घेतलं तरी बघा. अंगात येतं ते वारं (आमच्याकडे दर्ग्यावर त्याला हाजिरी म्हणतात). अंगावर येतो तो गुंड. अंगाशी येते ती दुसऱ्याला दिलेली जामीनकी. अंग तेच, येणं तेच. ‘त’, ‘वर’ आणि ‘शी’ बदलले की एक मांत्रिकाकडे जातो, दुसरा पोलिसांत आणि तिसरा बँकेत. ‘त्या वाटेने जा’ आणि ‘त्याच्या वाटेला जाऊ नकोस’ यातला फरक परक्या माणसाला कसा समजावणार? आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवत नाही, एवढाच आपला फायदा.

उर्दूतही तेच आहे. ‘काम आना’ म्हणजे उपयोगी पडणं, आणि लढाईत ‘काम आ गए’ म्हणजे मारले गेले. ‘बाज़ आना’ म्हणजे सोडून देणं. ‘पेश आना’ म्हणजे वागणं. माझी अम्मी दिवसातून दहा वेळा म्हणायची की बाज़ आओ. आम्ही काही येत नव्हतो.

या सगळ्यात खरी मदत झाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशाचे मौलाना इशाच्या नमाजनंतर कधीकधी घरी येतात. वही टीपॉयवर पडली होती. त्यांनी उचलली, दोन पानं चाळली, भाचीला वाक्यांचा अर्थ विचारला आणि म्हणाले, “बेटा, हा तर सिला आहे.”

मदरशात अरबी शिकवताना क्रियापदाबरोबर येणाऱ्या अव्ययाला सिला म्हणतात. क्रियापद एकटं पाठ करायचंच नाही, त्याच्या सिल्यासकट पाठ करायचं, हा तिथला पहिल्या वर्षाचा धडा. मौलानांनी उदाहरणं दिली. ‘ज़हबा’ म्हणजे गेला. त्यापुढे ‘बि’ आला की घेऊन गेला. ‘जाआ’ म्हणजे आला, ‘बि’ लागला की घेऊन आला. आपल्याकडे ‘आणणे’ असं वेगळं क्रियापद आहे, अरबीत येण्याला एक अक्षर चिकटवून आणणं होतं. ‘रगिबा’च्या पुढे ‘फी’ आला तर एखाद्या गोष्टीची ओढ वाटली, ‘अन’ आला तर तिच्याकडे पाठ फिरवली. ओढ आणि पाठ, दोन टोकं, मधे एक अव्यय. ‘दआ’च्या पुढे ‘ल’ आला तर कुणासाठी दुआ केली, ‘अला’ आला तर त्याच्याविरुद्ध केली, म्हणजे शाप दिला. आणि ‘खरजा’ म्हणजे बाहेर पडला. ‘खरजा अला’ म्हणजे त्याच्याविरुद्ध बंड केलं. सिफ्फीनच्या लढाईनंतर, इ. स. ६५७च्या सुमारास, हजरत अली यांच्या गोटातून जे फुटून निघाले त्यांना खारिजी म्हणतात. त्या नावाच्या मुळाशी हेच बाहेर पडणं आहे. एका जाण्यायेण्याच्या क्रियापदातून इस्लामच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या फुटीचं नाव निघालं.

भाची लहानपणी त्याच मदरशात नाजरा शिकली होती. कुरआन वाचता येत होतं, व्याकरण कधी शिकली नव्हती. ती म्हणाली, “हे मला तेव्हाच शिकवलं असतं तर?” मौलाना हसले. मुलींना नाजऱ्यापुढे नेणाऱ्या मदरशांची संख्या आता वाढते आहे, आमच्या मोहल्ल्यात तेव्हा तसं नव्हतं. या विषयावर मला बरंच बोलायचं आहे, पण ते वेगळ्या लेखात.

इंग्रजीच्या या खोडीची तक्रार करणारे आपणच पहिले नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं की परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास या क्रियापदांचा होतो. त्याने दिलेल्या नमुन्यांत ‘फॉल ऑन’ आहे, अर्थ हल्ला करणं. आणि ‘फॉल ऑफ’ आहे, अर्थ धर्म सोडणं. ‘कम ऑफ’ही आहे, पण त्याने अर्थ दिला आहे निसटणं, सुटका करून घेणं. गोळ्या सोडण्याचा अर्थ त्यात नाही. अडीचशेहून जास्त वर्षांत शेपटं तीच राहिली, कामं बदलली. या जातीच्या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रुळलं ते फार उशिरा. लोगन पिअर्सल स्मिथने १९२५च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगितलं.

त्याआधी जुन्या इंग्रजीत शेपूट मागे नसून पुढे असायचं, जर्मनमध्ये अजून असतं तसं. त्याची हाडं आजच्या इंग्रजीत सापडतात: अंडरगो, ओव्हरकम, विथस्टँड, अंडरस्टँड. आणि गंमत म्हणजे पुढचं मागे नेलं की अर्थ बदलतो. रुग्ण शस्त्रक्रिया ‘अंडरगो’ करतो. पण त्याला भीती असते ती ‘गो अंडर’ची, म्हणजे भूल चढून बेशुद्ध होण्याची. मग तो ‘कम राउंड’ होतो. धंदा ‘गो अंडर’ झाला तर बुडाला. तो सहसा राउंड येत नाही.

वही भरता भरता माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. आपण इंग्रजी शिकतो ती वरच्या मजल्यावरून. ‘डिसकंटिन्यू’ आपल्याला येतं, ‘कम ऑफ’ येत नाही. ‘डिटीरिओरेट’ येतं, ‘गो डाउनहिल’ येत नाही. ‘सर्व्हाइव्ह’ येतं, ‘पुल थ्रू’ येत नाही. ‘व्हॉमिट’ येतं, ‘ब्रिंग अप’ येत नाही. लॅटिन-फ्रेंचातून आलेले जड शब्द आपल्याला जवळचे, कारण ते पुस्तकात असतात, अर्जात असतात, डिस्चार्ज कार्डावर असतात. इंग्लंडात जन्मलेली, शाळा अर्धवट सोडलेली, आयुष्यभर गिरणीत किंवा दुकानात काम केलेली म्हातारी मात्र या गो-कमवरच जगते. तिच्या दुखण्याची भाषा ही आहे. आमची मुलगी तिच्या डॉक्टरशी सहज बोलेल, तिच्याशी बोलताना अडखळेल. आपल्याकडे ‘आपणांस शौचास साफ होते काय’ असं विचारणाऱ्या शिकाऊ डॉक्टरकडे खेड्यातली बाई जशी बघते, तसं त्या म्हातारीने भाचीकडे बघितलं असतं.

म्हणून आम्ही वहीची मांडणी बदलली. क्रियापदांप्रमाणे न लावता शेपटांप्रमाणे लावली. ‘ऑफ’ म्हणजे सुटणं, वेगळं होणं, असा एक धागा धरला. दिवा गोज ऑफ, दूध गोज ऑफ (नासलं), भूक गोज ऑफ. सगळं नीट जुळत होतं आणि मग अलार्म आला. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. दिवा ऑफ गेला तर विझतो आणि अलार्म ऑफ गेला तर वाजतो. भाचीने वही बंद केली आणि त्या दिवशी पुन्हा उघडली नाही. अतिदक्षता विभागात अलार्म वाजणं आणि बंद पडणं यातला फरक तिला मी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनेच त्या ओळीभोवती लाल पेनाने चौकोन केला. मी बंदुकीची आठवण दिली. दाबून ठेवलेला घोडा सुटला की गोळी उडते, बॉम्बही असाच गोज ऑफ. कोंडून ठेवलेलं काहीतरी सुटलं, असं समजून तिने अलार्म त्या रांगेत बसवला. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, लक्षात ठेवण्याची खुंटी म्हणून ठीक आहे.

‘पास’वर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. तिच्या बायोडेटात लिहिलं होतं, पास्ड आउट इन २०१९. आपल्याकडे सगळेच असं लिहितात, पासआउट हा आता मराठी शब्दच झाला आहे. लष्करी प्रशिक्षण संपल्यावर पासिंग आउट परेड होते, तो अर्थ इंग्लंडातही चालतो. पण तिथल्या वॉर्डात पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. ज्या नर्सच्या बायोडेटात ती २०१९ साली बेशुद्ध पडली असं लिहिलंय, तिला निदान हसत तरी बोलावतील, असं मी म्हणालो. ती ओळ आम्ही बदलली.

मग ‘पास अवे’. तिच्या सरावाच्या पुस्तकात लिहिलं होतं की मृत्यूची बातमी नातेवाइकांना देताना आडवळणाचे शब्द वापरू नका. गॉन, पास्ड, लॉस्ट म्हणू नका. धक्क्यात असलेल्या माणसाचा गैरसमज होतो, तो विचारतो कुठे गेले, दुसऱ्या वॉर्डात नेलं का. ‘डाइड’ म्हणा. भाचीला हे फार जड गेलं. आपल्याकडे कुणी मेलं असं माणसाच्या तोंडावर म्हणतं का? मराठीत ‘ते गेले’. उर्दूत ‘गुज़र गए’, म्हणजे शब्दशः इथून पुढे निघून गेले, ‘पास अवे’च की. ‘इंतकाल’ आपण रोज वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. पंजाबात आणि काश्मिरात जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की त्या नोंदीलाही इंतकालच म्हणतात, आपल्याकडचा फेरफार. मराठी निमंत्रणपत्रिकांवर आमच्या आजोबांच्या नावामागे ‘पैगंबरवासी’ छापतात. तिथे तर गेल्यानंतरचा मुक्कामाचा पत्ताही दिला आहे. सगळ्या भाषांनी मृत्यूला प्रवास मानलं, आणि पुस्तक सांगतं की वॉर्डात प्रवास नको.

“मामू, मी डाइड म्हणेन,” ती म्हणाली, “पण म्हणायच्या आधी त्यांना खुर्चीवर बसवेन.” हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पुढे कळलं की तिथल्या प्रशिक्षणातही हेच सांगतात.

दुसऱ्या खेपेला श्रवणात तीनशेसत्तर आले. कागदपत्रं झाली, ती उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात रुजू झाली. पहिल्याच महिन्यात एका रात्रपाळीला एक आजी बेल वाजवून म्हणाल्या, ‘आय हॅव कम ओव्हर ऑल फनी.’ हे वाक्य वहीत होतं. फनी म्हणजे विनोदी नाही, अचानक कसंतरी व्हायला लागलं आहे. तिने रक्तदाब बघितला, खूप खाली गेला होता. डॉक्टरांना बोलावलं. सकाळी मला व्हॉट्सअॅपवर निरोप आला, ‘मामू, पान नंबर ६१.’

२०२४च्या जुलैअखेर साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर मुसलमान निर्वासित आहे अशी खोटी अफवा पसरली, दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला आणि मग आठवडाभर इंग्लंडातल्या अनेक शहरांत दंगे होत राहिले. भाची डोक्यावर स्कार्फ बांधते. बाजीचे मला दिवसात चार-चार फोन. भाचीच्या शहरात भिंतीवर दोन शब्द रंगवले होते, त्याचा फोटो तिने पाठवला: गो होम. खाली एकच ओळ, ‘हे वहीत घ्यायला नको ना?’

‘होम’च्या आधी ‘टू’ लागत नाही, हे मी आठवीला शिकवतो. शाळेला जायचं तर टू, बाजाराला जायचं तर टू, घराला मात्र काही नको. घर इतकं जवळचं की मधे अव्ययालाही जागा नाही, असं मी वर्गात सांगतो. त्या फोटोनंतर काही दिवस मला ते वाक्य वर्गात बोलवेना.

तिला मी काय सांगणार? मी तिला यूसुफ मेहेरअलींची गोष्ट लिहून पाठवली. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबईला उतरलं तेव्हा ‘सायमन गो बॅक’ या घोषणेने त्याचं स्वागत झालं. ती घोषणा मेहेरअलींची मानली जाते. मुंबईचा पंचविशीतला मुसलमान तरुण. ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांचेच सांगतात; १९४२ साली ते मुंबईचे महापौर होते. क्विटला शेपूट लागत नाही, गोला लागतं. पण ‘गो बॅक’ त्यांनी कुणाला म्हटलं ते बघ. राज्य करायला आलेल्यांना म्हटलं. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला जा म्हणणं आणि जो रात्री तीन वाजता कुणाची बेडपॅन उचलतोय त्याला जा म्हणणं, शब्द तेच असले तरी वाक्य एक नाही. आपल्याकडे या ‘जा’च्या आधी एका देशाचं नाव लावतात. ते मी तिला लिहिलं नाही, तिला ठाऊक आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिने ते ऐकलेलं आहे.

त्या आठवड्यात रुग्णालयाने रात्रपाळीच्या परिचारिकांना ने-आण करायला गाड्या दिल्या. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ होते, पायाच्या जखमेमुळे महिनाभर पडून. टीव्हीवरच्या बातम्या बघून त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘यू आर गोइंग नोव्हेअर, लव्ह.’ तिने मला लगेच विचारलं: याचे तर दोन अर्थ होतात, कोणता धरू? एक अर्थ, तुझं काही व्हायचं नाही. दुसरा, तुला इथून कुणी हलवू शकत नाही.

मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिने विचारलं नाही. ड्रेसिंग बदलायची वेळ झाली होती, आणि ते पाय पुढे करून बसले होते.